दोन हात

मुनाफ म्हणाला, गाडी कुठंय काका?
मी म्हणालो, गाडी नाही, विमान आहे.
तो हसला नाही. ब्रेक ऑइलची बाटली फडक्यानं पुसून दिली
आणि सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं:
बोनेटवर थेंब पडू देऊ नका, रंग सोलून निघतो.

तेवढ्यासाठीच तर आलो होतो.

कोपरखैरणे, सेक्टर पाच, दुपारचे तीन.
ग्रीलमधल्या कुंड्या सरकवून मांडलेला
आइस्क्रीमचा रिकामा डबा झाकणासकट,
वृंदाचे भांड्यांचे हातमोजे, जुना टूथब्रश,
आणि वीतभर लांबीचं मिग,
एकास बहात्तर, चाकं कधीच हरवलेली.

थिनर चालत नाही, थिनर प्लॅस्टिकच खातो.
ब्रेक ऑइल रंगापुरतंच थांबतं,
अंगाला धक्का लावत नाही.
हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं,
अठ्ठावीस वर्षं रंगाच्या कंपनीत काढून.

पावण्याला माझं काम एकच, शेड जुळवायची.
उत्तरेच्या खिडकीशी दोन पत्रे शेजारी धरायचे
आणि म्हणायचं: पास.
किंवा: किंचित पिवळं मारतंय, परत करा.
संध्याकाळी हेच डोळे घेऊन मी घरी यायचो.

ओजस तेव्हा अकरा वर्षांचा.
त्यानं मिग नारिंगी रंगवलं होतं.
याच ग्रीलचा उरलेला ऑइल पेंट,
माझाच दोन इंची ब्रश,
पंखांवर ओघळ, शेपटीला चिकटलेला एक केस.
खोक्यावरच्या चित्रात ते राखाडी होतं.
मी म्हणालो, असं विमान असतं का कुठं?
तो म्हणाला, लांबून दिसायला पाहिजे ना.
आणि तोंडानं आवाज काढत
ते मोरीपर्यंत नेऊन परत आणलं.

तो क्लासला गेला असताना एका रविवारी
मी ते दुरुस्त केलं.
राखाडी, दोन हात,
चित्राशी तंतोतंत. पास.

मस्त झालंय बाबा, म्हणाला.
मग टीव्हीवर ठेवून दिलं
आणि पुन्हा कधी उडवलं नाही.

परवा माळ्यावरच्या पसाऱ्यात सापडलं.
धूळ पुसताना नख लागलं
आणि राखाडीच्या टवक्याखाली
बारीकसं नारिंगी.

माझा बेत साधा होता.
वरचे माझे दोन हात काढायचे,
खालचा त्याचा एक ठेवायचा.

तासाभरात राखाडीला सुरकुत्या पडल्या,
दुधावर साय धरते तशी ती सुटी झाली.
ब्रश फिरवला. पंखाच्या कडेला
नारिंगी दिसलं, ओघळासकट, अगदी तेच,
आणि मी, खरं सांगतो, मोठ्यानं म्हणालो, पास.
तोवर तेही सुटायला लागलं होतं.

उचललं, पाण्याखाली धरलं, फुंकलंसुद्धा.
काही उपयोग झाला नाही.
तेलाला कुणाचा हात ते कळत नाही.
हातात उरलं ते फिकट पांढरट प्लॅस्टिक,
कारखान्यातून आलं होतं तसं,
खोबणीखोबणीत बिनचूक,
फक्त पोटाच्या सांध्यावर गोंदात उमटलेलं
एक लहान बोट.

डब्यात जो राडा उरला
त्याची शेड मला सांगता येईना.
मी झाकण लावलं.

ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिलो.
डोंगराच्या बाजूनं कंपन्यांचा तो वास यायला लागला.
समोर ग्रील.
या ग्रीलला त्यानंतर किती रंग दिले, आठवत नाही.
खिशातली किल्ली काढली
आणि खालच्या कोपऱ्यात, बिजागरीमागे, खरवडायला लागलो.

पांढरा गेला. तपकिरी गेला.
त्याच्याखाली एक हिरवा निघाला,
तो तर मी साफ विसरलो होतो.

वृंदा चहा घेऊन आली.
अहो, चांगल्या ग्रीलला काय करताय?

काही नाही, म्हणालो. जरा बाजूला हो,
उजेड अडतोय.